मुंबई सुधारणारी मंडळे

शहरातली वस्ती बिघडली, घरे राहण्यालायक उरली नाहीत, की ती सुधारण्यासाठी एक वेगळे मंडळ नेमायचे, ही रीत मुंबईत सव्वाशे वर्षांपासून चालत आली आहे. मंडळांची नावे तेवढी बदलली. आधी ट्रस्ट झाला, मग डेव्हलपमेंट खाते झाले, मग बोर्ड आणि शेवटी प्राधिकरण. प्रत्येक नव्या मंडळाच्या जन्मी सांगण्यात आले की जुन्याकडून काम झाले नाही, आणि बहुतेक वेळा ते खरेही होते. या मंडळांचा इतिहास सरकारी अहवालांत आहे, इंजिनियरांच्या टिपणांत आहे, आणि अलीकडे विद्यापीठांतल्या पंडितांनीही तो मोठ्या कष्टाने लिहिला आहे. आम्ही त्या पंगतीला बसणारे नव्हे. आमचे शिकणे झाले ते गिरणगावातल्या वाचनालयांत आणि युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर. पण कामगार चळवळीत तीसेक वर्षे गेली की माणसाला एक खोड लागते. कुठलीही कमिटी नेमली गेली की तिची उद्दिष्टे तो मागाहून वाचतो. तीत बसले आहे कोण, पैसा कोणाचा, आणि घराबाहेर आधी कोण निघणार, हे तो अगोदर पाहतो. त्या खोडीने हा इतिहास वाचला म्हणजे काय दिसते, ते आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या गोदामांभोवतीच्या वस्तीत माणसे तापाने आणि गाठींनी पटापट मरू लागली. डॉ. व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असे ओळखले आणि तसे उघड सांगितले. त्यानंतरच्या हिवाळ्यात मुंबई रिकामी होऊ लागली. आगगाड्या भरून, बोटी भरून, काही नसले तर पायी, माणसे गावाकडे निघाली. १८९१ च्या खानेसुमारीत या शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ साली ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची माणसे दहा वर्षांनी मोजली तर कमी निघावीत, यावरून त्या काळाची कल्पना यावी. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे या साथीत लोकांची सेवा करीत असतानाच फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगने गेले. आमच्या चळवळीच्या पायाचा पहिला दगडच या रोगाने नेला.

रोगाची भीती सरकारला होती, आणि व्यापार बसण्याची भीती त्याहून मोठी होती. मुंबईचा माल घ्यायला परदेशची बंदरे कांकू करू लागली तेव्हा कारभाराला वेग आला. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांची झडती, रोग्यांना उचलून इस्पितळात नेणे, भिंतींना चुना, जमिनीवर कार्बोलिक, हे सारे घडले. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या वस्तीत या झडत्यांवरून दंगल पेटली आणि तिची झळ साऱ्या शहराला लागली. जी खोली राहण्यालायक नाही असे ठरे तिच्यावर तीन इंग्रजी अक्षरे रंगवीत : यू. एच. एच. ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ असा त्यांचा अर्थ. खोली अयोग्य ठरली, हे ठीकच झाले. तिच्यात राहणाऱ्याने रात्री निजायचे कुठे, हे मात्र त्या तीन अक्षरांत बसत नव्हते.

त्या वेळी डॉक्टरांचीही समजूत अशी होती की रोग घाणीत असतो, कोंदट हवेत असतो, ओलसर जमिनीत असतो. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग वाहते, हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली मांडले. पण ते सर्वमान्य व्हायला बरीच वर्षे गेली, आणि ते पक्के करण्याचे काम पुढे परळच्याच प्रयोगशाळेत लिस्टन वगैरे मंडळींनी केले. तोवर शहर सुधारण्याची सगळी आखणी होऊन चुकली होती. रोग हवेत असेल तर हवा खेळवली पाहिजे. हवा खेळवायची तर समुद्राकडून गर्दीच्या वस्तीपर्यंत रुंद रस्ते कापले पाहिजेत. आणि रस्ते कापायचे तर घरे पाडली पाहिजेत. या विचारातून १८९८ चा कायदा आला आणि बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. नमुना विलायतेचा होता. ग्लासगो शहराने १८६६ साली अशाच कायद्याने आपल्या जुन्या गल्ल्या पाडायला घेतल्या होत्या.

मुंबईत तेव्हा महापालिका नव्हती असे नाही. ती चांगली जुनी होती, १८८८ च्या कायद्याने तिला भक्कम रूप आले होते, आणि निवडून आलेले सभासद तीत बोलत होते. मग वेगळा ट्रस्ट कशाला? सरकारचे म्हणणे असे की महापालिकेत घरमालकांचे वजन फार. स्वतःची घरे पाडण्याचा ठराव ते कसा करतील? हे म्हणणे खोटे नव्हते. मतदानाचा हक्क कर भरणाऱ्यांना होता, आणि त्यांत चाळींचे मालक भरपूर होते. पण या दुखण्यावर सरकारने काय औषध काढले ते पाहा. ट्रस्टवर सरकारी अधिकारी आले, सरकारने नेमलेले गृहस्थ आले. व्यापाऱ्यांच्या चेंबरचा, पोर्ट ट्रस्टचा, गिरणीमालकांच्या संघाचा प्रतिनिधी आला. महापालिकेने निवडलेले थोडे सभासद आले. नागपाड्याच्या, मांडवीच्या, उमरखाडीच्या खोल्यांतून राहणारा भाडेकरू तेवढा आला नाही. घरमालकाचे वजन कमी करायचे म्हणून जे मंडळ बनवले त्यात त्याच्या भाडेकरूला जागा मिळू नये, आणि तसे कोणाच्या मनातही येऊ नये, हा त्या काळाचा स्वभाव होता. तो काळ संपला असे आम्हांला वाटत नाही; पण त्याकडे पुढे येऊ.

पैशाची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. सरकारने आणि महापालिकेने आपल्या रिकाम्या जमिनी ट्रस्टच्या ताब्यात दिल्या. महापालिकेने कराच्या उत्पन्नातून दरसाल वाटा द्यावा असे ठरले. बाकीची रक्कम ट्रस्टने कर्जरोखे काढून उभी करायची. कर्जावर व्याज चालू होते. व्याज फेडायचे तर सुधारलेली जमीन चांगल्या भाड्याने गेली पाहिजे, आणि चांगले भाडे कोण देतो हे सांगायला नको. म्हणजे गरिबाची वस्ती साफ करण्याचे काम ज्या मंडळाकडे, त्याच मंडळाला ती जमीन गरिबाकडे परत जाऊ देणे परवडत नव्हते. कोणाच्या मनात कपट नसले तरी हिशेबाची वही त्या बाजूला ओढीत होती.

ट्रस्टच्या सुरुवातीच्या योजना आग्रीपाड्याच्या, नागपाड्याच्या, प्रिन्सेस स्ट्रीटच्या आणि सँडहर्स्ट रोडच्या. आग्रीपाड्यात जमीन बरीच मोकळी होती. तिथे चाळी बांधता आल्या. नागपाड्यात दाट वस्ती होती, आणि खरी परीक्षा तिथे झाली. घरे पाडली गेली. माणसे गेली कुठे? दूर जाणे त्यांना शक्य नव्हते. गिरणीत पहाटे हजर राहायचे, दिवस कलल्यावर सुटायचे, बदली कामगाराने तर रोज सकाळी दरवाजाशी उभे राहायचे. गोदीत आणि गोदामांत काम करणाऱ्यांचेही तेच. कामाच्या ठिकाणापासून पायी जाता येईल एवढ्याच अंतरात त्याला खोली हवी. तेव्हा नागपाड्यातली माणसे शेजारच्या गल्ल्यांत शिरली. जिथे एका खोलीत सहा होती तिथे नऊ झाली. शेजारची वस्ती जास्त दाट झाली, तिची भाडी चढली, आणि काही वर्षांनी ती वस्तीही बिघडलेली म्हणून यादीवर चढण्याच्या लायकीची झाली. ट्रस्टनेही चाळी बांधल्या हे खरे, पण पहिल्या दहा वर्षांत पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाच्या फार पुढे होता.

नुकसानभरपाईचा प्रकार तर आणखी मौजेचा. घरमालकाला भरपाई मिळायची ती बहुतांशी त्या घराच्या भाड्याच्या उत्पन्नावरून. ज्याने एका मजल्यावर खोल्यांच्या खोल्या पाडून माणसे कोंबली त्याचे उत्पन्न जास्त, म्हणून त्याची भरपाई जास्त. ज्याने चौक मोकळा ठेवला, खिडक्या ठेवल्या, त्याला कमी. घाण घरांचा दंड म्हणून काही रक्कम कापण्याची तरतूद कायद्यात होती, पण ती सिद्ध करता करता वकिलांची चैन होई. एखाद्या भागात ट्रस्टची योजना येणार अशी कुणकुण लागली की मालकांना आपल्या चाळी भरून टाकण्यात फायदा दिसे. वस्ती सुधारायला निघालेल्या कायद्याने ती बिघडवणाऱ्याला बक्षीस दिले.

एवढे सांगून ट्रस्टला नुसती शिवी देऊन मोकळे होणे आम्हांला पसंत नाही. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे रस्ते झाले नसते तर दक्षिण मुंबईची काय कोंडी झाली असती! दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथल्या शेतजमिनी आणि खाजणे ताब्यात घेऊन ट्रस्टने जी उपनगरे आखली, ती आजही शहराची शोभा आहेत. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा, झाडांच्या रांगा, हे ट्रस्टचेच देणे. पण या देण्याचा धनी कोण झाला? कारकून, शिक्षक, डॉक्टर, लहानमोठे व्यापारी. त्यांना चांगली घरे मिळाली याचे आम्हांला वाईट वाटत नाही. मांडवीच्या गोदामात गोणी उचलणाऱ्याच्या नावाने कायदा झाला आणि त्याची फळे माटुंग्याला लागली, एवढीच नोंद आम्ही करतो.

परळची ट्रस्ट चाळ मात्र वेगळ्या कारणाने इतिहासात गेली. पोयबावडीजवळच्या त्या चाळीत, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१२ नंतरची कितीतरी वर्षे काढली. कामगारांनी गजबजलेल्या त्या चाळीत बसून त्यांनी अभ्यास केला, तिथूनच चळवळ चालवली. सामाईक नळ, सामाईक संडास, मधला व्हरांडा आणि दोन्हीकडे खोल्या, ही ती घरे. पंडित लोक नकाशावर पाहून त्यांना कमी लेखतात. पण खाजगी मालकाच्या चाळीत अस्पृश्य म्हणून ज्याला खोलीच मिळत नव्हती, त्याच्या दृष्टीने सार्वजनिक मंडळाच्या चाळीची किंमत निराळी होती. हा एक जमेचा आकडा ट्रस्टच्या खात्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला पाहिजे.

दुसरा जमेचा आकडा एका माणसाचा आहे. जे. पी. ऑर हे १९०९ ते १९१९ ट्रस्टचे अध्यक्ष होते. गोरा सनदी अधिकारी. पण खोल्याखोल्यांतून फिरून पाहणारा. घरे पाडीत बसण्यापेक्षा नवी घाण घरे उभीच राहू न देणे जास्त स्वस्त आणि जास्त शहाणपणाचे आहे, असे त्यांचे मत झाले, आणि १९१७ साली त्यांनी ते जाहीर व्याख्यानांतून मांडले. त्यांनी एक नियम धरला, साडेत्रेसष्ट अंशांचा. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. खोलीच्या खिडकीतून आकाश दिसले पाहिजे. समोरच्या इमारतीची उंची जितकी, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये ठेवा, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही उजेड पोचतो. सुताराच्या पोरालाही हे फूटपट्टीने मोजता येईल. मालकांनी नियमाला विरोध केला, कारण मोकळी ठेवलेली जागा भाडे देत नाही. हा नियम श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. शंभर वर्षांनंतर गोवंडीत त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉच गृहस्थ हिंदुस्थानातली शहरे पाहत हिंडत होते. १९१९ पासून काही वर्षे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक होते. त्यांचे सांगणे असे की जुनी वस्ती आडवी करू नका; पडके घर तेवढे काढा, विहीर, झाड, चौक राखा, गल्ली वाकडी असली तर वाकडीच राहू द्या, आणि राहणाऱ्यांना उठवू नका. जखमेपुरती शस्त्रक्रिया करा. त्यांना मान मिळाला, पण कारभार ट्रस्टच्याच पद्धतीने चालला. आमचा अनुभव असा की शहराच्या कारभारात ज्याला भाषणाला बोलावतात त्याला सहसा कमिटीवर घेत नाहीत.

पहिल्या महायुद्धात गिरण्या जोरात चालल्या, मजूर वाढले, आणि भाडी अशी चढली की १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. १९२१-२२ मध्ये सरकारच्या लेबर ऑफिसने कामगारांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा १०० पैकी ९७ कामगार कुटुंबे एकेका खोलीत राहतात असे आढळले. गव्हर्नर लॉईड यांनी १९२० साली नवे खाते काढले, डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट. लोकांनी त्याची बी. डी. डी. केली. संकल्प ५०,००० खोल्यांचा. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया जकात बसवली. हे खाते महापालिकेच्या हाताबाहेर, सरळ सरकारच्या हाताखाली. काम घाईने, सिमेंट काँक्रीटमध्ये. शेवटी २०७ चाळी उठल्या : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२, खोल्या सोळा हजारांवर. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. बांधून झाल्यावर असे दिसले की वरळीच्या चाळींत राहायला कोणी येईना. गिरण्या लांब, बाजार नाही, आणि भाडे मजुराच्या आवाक्याबाहेर. घरांचा दुष्काळ असलेल्या शहरात घरे ओस पडली. पुढे १९३० च्या कायदेभंगात सत्याग्रही इतके झाले की तुरुंग पुरेनात, तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेली खोली कैद्यांच्या उपयोगी पडली! याच खात्याचा दुसरा उद्योग बॅकबे भरून काढण्याचा. त्यातला घोळ वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, तो इतिहास प्रसिद्ध आहे आणि इथे त्याचे काम नाही.

ट्रस्ट १९३३ मध्ये संपला आणि त्याचे काम, जमिनी, कर्जे सारे महापालिकेत विलीन झाले. त्यासाठी महापालिकेत जी समिती निर्माण झाली ती सुधार समिती. पुढे ती महापालिकेच्या वैधानिक समित्यांत गणली गेली. तिच्या नावाचा उगम प्लेगात आहे, हे नगरसेवकांपैकी किती जणांना ठाऊक असते कोण जाणे. आम्ही एकदोघांना विचारले होते. उत्तर छापण्यासारखे नाही.

मंडळांच्या या गडबडीत सगळ्यांत मोठी सुधारणा घडली ती मात्र मतपेटीत. १९२२ साली दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्याला महापालिकेत मत मिळाले. बहुतेक कामगारांच्या खोलीचे भाडे त्याच्या आतले, म्हणजे दार किलकिले झाले पण आत पाय पडला नाही. १९४८ साली सर्व प्रौढांना मत मिळाले, आणि त्यानंतर कुठल्याही पक्षाला चाळीत न जाता निवडून येणे अवघड झाले. त्यापूर्वीच, १९४७ साली, नवा भाडेनियंत्रण कायदा आला होता. भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, त्याच्या घरावरची टांगती तलवार गेली. आमच्या लोकांनी हा कायदा लढून मिळवला आणि टिकवला, आणि त्याबद्दल आम्ही कोणाची क्षमा मागणार नाही. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भाडे गोठले तशी मालकाने दुरुस्तीही गोठवली. लाकडी तुळया, विटा, चुना आणि समुद्राची खारी हवा. त्यात दर पावसाळा. १९६० नंतर घरे कोसळू लागली.

तेव्हा १९६८ मध्ये बेडेकर समिती बसली आणि १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. आमच्या मते साऱ्या मालिकेतली ही सर्वांत शहाणी कल्पना. मालमत्ता करासोबत दुरुस्तीचा उपकर घ्यायचा, त्यात सरकारने आणि महापालिकेने भर घालायची, आणि त्या पैशातून मंडळाने इमारत दुरुस्त करायची. माणसे शक्यतो तिथेच. गेडिस बोलून गेले होते त्याच्या जवळ जाणारे हे काम होते. १९,६४२ इमारती उपकराखाली आल्या. त्यांतल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या. १९७७ साली हे मंडळ, गृहनिर्माण मंडळ आणि झोपडपट्टी सुधार मंडळ एकत्र करून म्हाडा झाली.

कल्पना शहाणी, मग अडले कुठे? दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा होती, आणि महागाईपुढे ती नेहमी तोकडी पडे. ती मर्यादा ओलांडली की दुरुस्ती थांबते आणि टेकू येतात. गिरगाव, काळबादेवी, डोंगरी भागांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना टेकू म्हणजे काय ते सांगायला नको. जिन्यात टेकू, व्हरांड्यात टेकू, त्यांच्यामधून वाट काढीत पोरे शाळेला जातात, आणि मोठी होऊन त्याच टेकूंमधून कामाला जातात. इमारत फारच धोक्याची ठरली तर संक्रमण शिबिर. तिथे दोन वर्षांसाठी म्हणून गेलेल्या माणसांची नातवंडे तिथे जन्मली आहेत. एका अशा शिबिराच्या भाडेकरूंबरोबर आम्ही एका कचेरीत वर्षभर खेटे घातले. मूळ जागेवर इमारत उठली होती, पण यादीतून सात जणांची नावे गळली होती. ती कशी गळली, हे शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही. सांगणारा साहेब दर वेळी नवा असे.

१९८६ साली कायद्यात आणखी एक प्रकरण घातले गेले : ७० टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केली तर मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संस्थेच्या नावे करता यावी. राहणाऱ्यालाच घराचा कारभारी करण्याचा हा प्रयत्न होता. १८९८ च्या ट्रस्टवर ज्याला खुर्ची नव्हती त्याच्या हाती एकदम किल्ली देऊ करणारा. घरमालक १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रकरण नऊ न्यायमूर्तींपुढे पोचले आणि प्रत्येक खाजगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असे बहुमताने त्यांनी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले. मधल्या बत्तीस वर्षांत टेकू आपले काम करीत होते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारची हुसैनी इमारत पडली, ३३ माणसे गेली.

चाळींची ही कथा. झोपड्यांची थोडी निराळी आहे. १९७१ च्या कायद्याने आणि १९७६ च्या मोजणीने झोपडपट्टीला प्रथमच काही ओळख दिली. मोजलेल्यांना फोटोपास मिळाला, नळ, संडास, दिवे आले. त्याच्या आधी आणि नंतरही बुलडोझर येतच होता. १९८१ च्या भर पावसात फुटपाथवरची माणसे उचलून शहराबाहेर घालवली, त्यावरचा ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १९८५ मध्ये लागला. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. इथे पैशाची युक्ती नवी होती. सरकारने दमडी घालायची नाही. बिल्डराने झोपडीवाल्यांना फुकट घर द्यायचे, आणि त्याच्या बदल्यात जादा बांधकाम बाजारात विकून नफा घ्यायचा. ४० लाख माणसांना घरे देऊ असे त्या वेळी जाहीर झाले. तीस वर्षांत त्याच्या निम्म्याचीही मजल गाठली गेली नाही. कारण ट्रस्टच्या वहीतलेच आहे. जिथे जमीन महाग, तिथे योजना धावते. जिथे स्वस्त, तिथे झोपडी कितीही वाईट असो, बिल्डर फिरकत नाही. रहिवाशांची संमती ७० टक्के हवी अशी अट होती, ती पुढे ५१ टक्क्यांवर आणली. आम्ही संपाचे मतदान पुष्कळ पाहिले आहे. एक्कावन्नावर एकोणपन्नासांना घराबाहेर काढता येते, ही सोय कोणाच्या उपयोगी आहे हे आम्हांला चटकन कळते.

आता ऑरसाहेबांच्या फूटपट्टीकडे येऊ. रस्ते आणि रेल्वेसाठी हटवलेल्या झोपड्यांतली माणसे २००० नंतर गोवंडी-मानखुर्दकडे नटवर पारेख कंपाउंड, लल्लुभाई कंपाउंड अशा वसाहतींत नेली. गरिबांच्या पुनर्वसनाला बांधकामाचे नियम सैल केलेले असतात, म्हणून सातआठ मजल्यांच्या इमारतींमध्ये काही ठिकाणी जेमतेम तीन मीटरचे अंतर राहिले. ऑरच्या नियमाने दहा-अकरा मीटर तरी लागले असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॉक्टरी पाहणीत या वसाहतींतला क्षयरोग आणि खालच्या मजल्यांवरचा उजेड-वाऱ्याचा अभाव यांचा संबंध दाखवला गेला. प्लेगच्या काळी हवेवर ठेवलेला आरोप चुकीचा होता. क्षयाच्या बाबतीत तो बरोबर निघाला, आणि तेव्हा शहराच्या सुधारणा मंडळाने कोंदट खोल्या स्वतःच बांधल्या होत्या, तेही हवेचे शास्त्र पुरते माहीत झाल्यावर. १९१७ मध्ये नियमाला विरोध करणारा निदान खाजगी मालक तरी होता.

शेवटी वरळीला परत जाऊ. ज्या चाळी ओस पडल्या होत्या त्या पुढे गच्च भरल्या. गिरणी कामगार आले, पोलीस आले, गोविंदा आले, कबड्डीचे संघ आले, चळवळीची भांडणे आली. या चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे सोपवला गेला. इथे एक गोष्ट रहिवाशांच्या बाजूची झाली : जमीन सार्वजनिक, काम सार्वजनिक मंडळाचे, आणि १६० फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर. हे ५०० फूट कोणी आपणहून दिलेले नाहीत. मोजणीला आलेल्या माणसांना चाळीच्या दारातून परत पाठवण्यापासून ते करारात प्रत्येकाचे नाव घालून घेण्यापर्यंत, त्यामागे सभांवर सभा झाल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. वरळीत एकंदर खोल्या साडेनऊ हजारांच्या घरात.